बोट उघड्यावर ठेवताय? पांघरुणाविषयी वाचकांचे प्रश्न

पूर ओसरला की कृष्णाकाठच्या बोटींकडे पुढच्या पावसाळ्यापर्यंत फारसं कुणी बघत नाही. त्यांची खरी झीज मात्र याच सात-आठ महिन्यांत होते. म्हणून या वेळी फक्त बोट झाकण्याविषयीचे प्रश्न घेतले आहेत.

आमच्या गावाची सोळा फुटी फायबर बोट ग्रामपंचायतीच्या आवारात उघड्यावर असते. दुकानदार म्हणतो, जीएसएम जास्त तेवढी ताडपत्री टिकाऊ. खरं का? (एक वाचक, भिलवडी)

अर्धंच खरं. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. त्यावरून जाडी कळते, उन्हात किती टिकेल ते कळत नाही. आपल्याकडे हिवाळ्यात बर्फाचं ओझं नसतं, दिवसभराचं कोरडं ऊन असतं. उन्हातले अतिनील किरण प्लास्टिक ठिसूळ करतात. बाजारातली निळी पातळ ताडपत्री उन्हाळा संपेपर्यंत चिंध्या होते ती त्यामुळेच. दुकानात आधी ‘यूव्ही स्टॅबिलाइज्ड आहे का’, म्हणजे अतिनील किरणांत टिकेल अशी बनवलेली आहे का, ते विचारा आणि बिलावर तसं लिहून घ्या. विणलेल्या एचडीपीई (एक चिवट प्लास्टिक) ताडपत्रीसाठी आयएस ७९०३ हे भारतीय मानक आहे, तो शिक्का असला तर उत्तम.

तुमच्या बोटीला साधारण अठरा बाय दहा फुटांचं कव्हर लागेल. २५० जीएसएमची एचडीपीई घेतली तर वजन चार किलोच्या आसपास, ६०० जीएसएमचं पीव्हीसी (प्लास्टिकचा थर दिलेलं जाड कापड) घेतलं तर दहा किलो. दोन माणसं असतील तर दहा किलो जड नाही, आणि ट्रकवाले वापरतात ते पीव्हीसी बरीच वर्षं साथ देतं. पैसे असतील तर तेच घ्या, पण फिक्या रंगाचं. गडद रंग तापतो. शिलाई पॉलिस्टर दोऱ्याची हवी. सुती दोरा कापडाच्या आधी कुजतो. काठ दुमडून आत दोरी घातलेली हवी आणि रिंगा पितळी किंवा अॅल्युमिनियमच्या. लोखंडी रिंग गंजली की भोवतालचं कापड खाते.

तापोळ्याला शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, काठावर आमची बोट आहे. पीव्हीसी कव्हर घट्ट बांधलं, पाऊस नाही, तरी सकाळी आत पाणी दिसतं. कव्हर गळतंय का? (एक वाचक, सातारा)

गळत नाही, घामेजतंय. रात्री आकाश निरभ्र असलं की कव्हर हवेपेक्षाही गार पडतं. जमिनीतून आणि तलावावरून आलेली दमट हवा त्याच्या आतल्या बाजूला लागते आणि दहिवर धरतं. घट्ट बांधल्यामुळे ते दिवसा बाहेर पडू शकत नाही. मग बाकांच्या प्लायवूडला बुरशी, बोल्टांना गंज. माझं ठाम मत आहे की उघड्यावरच्या बोटी पावसापेक्षा या कोंडलेल्या ओलीने जास्त खराब होतात.

उपाय कापड बदलण्याचा नाही, मांडणीचा आहे. बोटीच्या मधोमध लांबीला बांबूचं आढं घाला आणि घराच्या छपरासारखा दोन्ही बाजूंना उतार द्या. पुढची-मागची तोंडं वीतभर उघडी ठेवा, म्हणजे वारा आरपार जाईल. बोट गवतावर नको, लाकडी ओंडक्यांवर घ्या. तळाचं बूच काढून ठेवा आणि मागची बाजू किंचित खाली राहू द्या.

उताराचं आणखी एक कारण सांगतो. अवकाळी पावसात सपाट कव्हरवर तळं साचतं. एक चौरस मीटरभर जागेत चार इंच पाणी साचलं तरी शंभर किलोचा भार होतो. त्या भाराने रिंगा उपटून येतात आणि लोक कापडाला दोष देतात.

वाऱ्याचंही तसंच. फडफडणारं कव्हर जिथे कठड्याला घासतं तिथेच फाटतं. त्या कोपऱ्यांवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा. रिंगांना बांधायच्या दोरीतही ट्यूबचा तुकडा घाला, म्हणजे झटका तो खाईल.

रबरी बोटीवर कोणती ताडपत्री टाकावी? (कराड)

कोणतीच नको, बोट आत घ्या. शाळेची खोली, गोदाम, काहीही चालेल. धुऊन पूर्ण सुकवा, थोडी हवा राहू द्या, टाल्कम पावडर लावा आणि सुती चादर टाका. रबरी म्हणतो त्यातल्या बऱ्याच बोटी पीव्हीसीच्या असतात, आणि पीव्हीसीचं कव्हर अशा बोटीला थेट लावून ठेवलं तर उष्णतेत दोन्ही पृष्ठभाग चिकट होऊन एकमेकांना धरतात. आणि उंदरांकडे लक्ष ठेवा.

जुने फ्लेक्स किंवा द्राक्षबागेवरचं प्लास्टिक चालेल का? फुकट मिळतं. (तासगाव)

फ्लेक्स दोन-तीन महिने, तेवढ्यापुरतं. तो जाहिरातीच्या मुदतीसाठीच बनवलेला असतो. बागेवरचं पारदर्शक प्लास्टिक मुळीच नको. त्यातून ऊन आत जातं, उष्णता अडकते आणि बोट भट्टीत ठेवल्यासारखी तापते. रोपवाटिकेतलं शेडनेट मात्र जरूर वापरा. ताडपत्रीच्या वर हातभर अंतर सोडून ताणलं तर ऊन ते झेलतं आणि खालची ताडपत्री जास्त टिकते.

आमची लाकडी नाव आहे. तिलाही हेच? (हरिपूर)

नाही. लाकूड फार सुकलं तर फळ्या आकसतात, सांधी उघडतात. तिला हवा खेळणारं सुती कॅनव्हास आणि सावली द्या, कडक उन्हाळ्यात आत ओलं गोणपाट टाका. कॅनव्हास ओलं असताना घडी घालू नका.

कव्हर कधी काढायचं? (भिलवडी, दुसरे एक वाचक)

मे संपायच्या आत. बोट तपासून, इंजिन चालवून बघायला तेवढा वेळ लागतो. पुढे पावसाळाभर कव्हर फक्त वरून टाकलेलं असू द्या. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी चाळीस फुटांवर गेलं की इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि तिथवर चढायला ते कधी कधी एक रात्रही घेत नाही. म्हणून दोरीला निरगाठ नको, सुरगाठ मारा. अंधारात, ओल्या हातांनी एका ओढीत सुटेल अशी. गावातल्या दोघा-तिघांकडून ती एकदा सोडवून घ्या.