लाइट लावली की हेडिंग सरकतं

प्रश्न: नमस्कार सर, आमच्या दोन सीटच्या टेलव्हील (तिसरं चाक शेपटीखाली असलेल्या) विमानातली काट्याची घड्याळं काढून डिजिटल स्क्रीन बसवली, बॅटरी शेपटीकडे आहे आणि मॅग्नेटोमीटर (स्क्रीनला दिशा सांगणारा चुंबकीय सेन्सर) तिच्या जरा पुढे. कॅलिब्रेशन तीनदा झालं तरी लँडिंग लाइट लावली की हेडिंग (नाक कुठल्या दिशेला आहे तो आकडा) 10-12 अंश सरकतं, बंद केली की परत जागेवर. शिवाय जमिनीवर उभं असताना स्क्रीन नाक वर दाखवते, ते शून्य करून टाकू का?

उत्तर: चौथ्यांदा करू नका, काही उपयोग नाही. कॅलिब्रेशन फक्त विमानाबरोबर कायम फिरणाऱ्या लोखंडाचा हिशोब वजा करतं, स्विचबरोबर येणारी-जाणारी चूक त्याच्या हाती कशी लागणार? लाइट पंखात असली तरी इंजिन बंद असताना तिचा करंट बॅटरीच्या जाड केबलमधूनच जातो, आणि ती केबल तुमच्या मॅग्नेटोमीटरच्या शेजारून पुढे जात असणार, माझा पहिला संशय तिच्यावरच. गणित बघा, एकट्या वायरमधून 10 अँपिअर गेले तर 30 सेंटिमीटरवर साडेसहा मायक्रोटेस्लाच्या वर क्षेत्र होतं. पृथ्वीचं सगळं मिळून 25 ते 65, आणि हेडिंगला त्यातला आडवा भागच कामाचा. तो 30 धरला तर 12 अंश गेलेच की!

लाइटचा परतीचा करंट विमानाच्या धातूच्या बॉडीतून जात असेल तर वेगळी वायर टाकून दोन्ही पिळून घ्या, क्षेत्रं एकमेकांना खातात. पण खरं सांगू का, मॅग्नेटोमीटरची जागाच बदला. नव्या जागी आधी टेपने चिकटवून बघा, स्ट्रोब (लुकलुकणारी लाइट), पिटो हीट (वेग मोजणाऱ्या पिटो नळीचा हीटर), फ्लॅपची मोटर, रेडिओचं ट्रान्समिट सगळं एकेक करून चालवा, स्टिक आणि रडर टोकापासून टोकापर्यंत हलवा (पंखाच्या टोकाला स्टीलचे रॉड असतात, तिथे लोक हमखास फसतात). हेडिंग 2 अंशांपेक्षा जास्त हललं तर दुसरी जागा शोधा. स्क्रू पितळेचे घ्या आणि मग हँगरपासून लांब, इंजिन चालू ठेवून एकदाच कॅलिब्रेट करा. जुना द्रव भरलेला कंपासही परत स्विंग करा (माहीत असलेल्या दिशांशी ताडून त्याची चूक काढा), नवी स्क्रीन त्यालाही ओढते.

नाक वर दाखवते कारण ते खरंच वर आहे, टेलव्हील ना! शून्य अजिबात करू नका, शेपूट उचलून उत्पादकाने दिलेल्या लेव्हलिंग पॉइंटवर स्पिरिट लेव्हल ठेवा, विमान सपाट झालं की मग सेट करा.

आणि स्क्रीन बसवताना पिटो-स्टॅटिकच्या नळ्या उघडल्याच असतील, तर स्टॅटिकची (बाहेरच्या हवेचा दाब उंची आणि वेगाच्या मापकांना देणाऱ्या नळीची) गळती तपासल्याशिवाय उडू नका. नळीतली हवा हळूच शोषून अल्टिमीटर (उंची दाखवणारं मापक) 1000 फूट चढवा, नळी बंद करा, एका मिनिटात 100 फुटांपेक्षा जास्त उतरला तर कुठेतरी गळतंय. पिटो मोकळा ठेवलात तर स्पीड उगाच 150 नॉटच्या आसपास दिसेल, म्हणून पिटो आणि स्टॅटिक टी-जोड लावून एकत्र शोषा, आणि सोडताना अगदी सावकाश.