किती साठवले म्हणजे झोप लागेल?

संकटाच्या काळासाठी घरात नेमके किती साठवून ठेवावे, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत माझ्याकडे वारंवार येतो. करोनाच्या टाळेबंदीनंतर तो आला, चाळीसगावच्या पुरानंतर आला, आणि मे 2025मध्ये देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला तेव्हा तर पूर्वी कधी असल्या चिंतेत न पडलेली माणसेही तो विचारू लागली. विचारणाऱ्याला बहुधा यादी हवी असते. यादी देणे अवघड नाही आणि पुढे मी ती थोडीफार देणारही आहे; परंतु यादीतले सर्व काही घरात असूनही एखादी व्यक्ती रात्रभर टक्क जागी राहत असेल, तर तिच्यासाठी आणखी लांब यादी काढून उपयोग होत नाही. अशाच एका कुटुंबाची हकिकत त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून येथे मांडते.

चाळीसगावच्या या बाईंना मी येथे केवळ ताई म्हणेन. वय पंचेचाळिशीचे, नोकरी पतसंस्थेत. यजमानांचे दुकान, मुलगी बारावीत, आणि घरात सत्तरी ओलांडलेल्या, रोज इन्सुलिन घेणाऱ्या सासूबाई. सर्व तपासण्या नीट आल्या तरी झोप का लागत नाही, हे समजेना म्हणून त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवले होते. पावसाळ्यात त्या रात्रीतून अनेकदा उठून गच्चीवर जात आणि नदीच्या दिशेने विजेरीचा झोत टाकून पाहत. घरात वर्षाला लागतो त्याच्या दुप्पट गहू होता, दिवाणाखाली डाळींचे डबे होते, मोरीपासून जिन्यापर्यंत पाण्याचे पिंप होते, आणि मेणबत्त्या, औषधे, विजेऱ्या यांची मोजदाद त्यांनी स्वतंत्र वहीत ठेवली होती. घराचे गोदाम झाले आहे, अशी यजमानांची तक्रार होती. सासूबाई अहिराणीत एवढेच म्हणत, ‘‘इतलं कोन खाई, माय?’’

सासूबाईंचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटला. ती वही घेऊन आम्ही एकेक नोंद तपासली, तेव्हा त्या साठ्याची खरी स्थिती दिसली. गव्हात सोंडे झाले होते. पाणी शुद्ध करण्याच्या औषधाची मुदत केव्हाच संपली होती. दोन विजेऱ्यांमधले सेल पाझरून आतली पट्टी गंजली होती. उघड्या पिंपांत डासांच्या अळ्या होत्या, आणि डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. पुरासाठी जमवलेले बहुतेक धान्य तळमजल्यावर, जमिनीलगत ठेवलेले होते, म्हणजे पूर आलाच तर सर्वांत आधी तेच भिजणार होते. ताईंसारख्या हिशेबी बाईच्या नजरेतून हे सुटावे याचे मला आश्चर्य वाटले नाही. वस्तू विकत घेतली की त्या क्षणी जिवाला हायसे वाटते. ती वापरण्याजोगी राहते की नाही हे पाहताना तसे वाटत नाही.

गच्चीवरच्या फेऱ्यांचेही तसेच होते. नदी शांत दिसली की ताईंना दहा-पंधरा मिनिटे बरे वाटे. परंतु पाहून आल्यामुळेच सारे सुरक्षित आहे, असा धडा मन त्यातून शिकत होते, त्यामुळे पुढच्या सरीला पुन्हा उठण्याची निकड आधीपेक्षा जास्त असे. अतिचिंतेत तपासणीचे हे चक्र फार आढळते. ‘‘तुम्ही नदीकडे पाहणे एकदम बंद करा,’’ असे मी त्यांना सांगितले नाही. नदीकाठी राहणाऱ्या माणसाला असा सल्ला देणे बेजबाबदारपणाचे ठरले असते.

येथे थोडे विषयांतर करते. साठा करणे ही आपल्या भागाला नवी गोष्ट नाही. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास खान्देशातल्या घरांत वर्षाची दादर (रब्बीची ज्वारी), गहू, कडधान्ये ऊन दाखवून भरली जात, कोठीत कडुलिंबाचा पाला घातला जाई, डाळीला एरंडेल चोळले जाई, आणि बिबडे, कुरडया, सांडगे, पापड यांचे वाळवण पावसाळ्याआधी डब्यांत जाई. नळाला रोज पाणी न येण्याचीही आपल्या अनेक गावांना सवय आहे. स्वावलंबन म्हणून आज जे मोठ्या कौतुकाने शिकवले जाते, त्यातले बरेचसे ताईंना सासरी आल्यापासून येत होते. फरक इतकाच की वर्षाचे धान्य भरण्याच्या त्या कामाला शेवट असे. कोठी भरली, झाकण लावले, की बायका दुसऱ्या कामाला लागत, आणि ते धान्य रोज खाल्ले जाऊन पुढच्या आखाजीला नवे येई. ताईंच्या साठ्याला ना झाकण होते, ना खाणारे तोंड.

पूर आला त्या रात्रीबद्दल ताई प्रथम फारसे बोलल्या नाहीत. यजमानांना सोबत बोलावले त्या भेटीत ते बाहेर आले. 30 ऑगस्ट 2021च्या रात्री पाऊस कोसळत राहिला आणि 31 तारखेला तितूर व डोंगरी या नद्यांचे पाणी गावात शिरले. यजमान त्या रात्री मालाच्या खरेदीसाठी घाटापलीकडे होते. कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद झाल्यामुळे त्यांना परतता आले नाही, आणि फोनही लागेना. घरात पाणी चढत असताना ताईंनी एकटीने सासूबाईंना माळ्यावर चढवले, मुलीला वर पाठवले, आणि इन्सुलिन फ्रिजमध्येच राहिले हे त्यांना वर गेल्यावर आठवले. सकाळपर्यंत त्या माळ्यावर बसून होत्या. यजमान घरी आले तेव्हा घरात चिखल होता आणि सर्वजण सुखरूप होते. त्यामुळे ‘‘झालं ते झालं’’ म्हणून त्यांनी तो विषय मिटवला. पुढे त्या विषयावर घरात जे काही बोलणे झाले ते थट्टेच्याच सुरात झाले.

‘‘पुढच्या वेळी पूर आला तर घरात कोण असेल, असे तुम्हांला वाटते?’’ असे मी ताईंना विचारले. त्यांनी यजमानांकडे न पाहता उत्तर दिले, ‘‘मीच असेन, मॅडम.’’ यजमान बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी सांगितले की आपण तेथे नव्हतो ही गोष्ट त्यांना स्वतःलाच सहन होत नाही, आणि ते पिंप व डबे दिसले की ती पुन्हा समोर येते. थट्टा ते त्यामुळे करत होते.

माझ्या मते या कुटुंबाचा प्रश्न येथे उलगडला. ताई जो साठा करत होत्या तो चार माणसांच्या घराचा दिसत असला, तरी मनातून तो एका एकट्या बाईचा होता, जिला कोणीही येऊन मिळणार नाही असे गृहीत धरले होते. एकट्या माणसाला पुरेल इतकी सामग्री जगात कोठेच नसते. म्हणून पुढच्या भेटींमध्ये आम्ही वस्तूंपेक्षा माणसांची वाटणी आधी केली, आणि माझी अट एकच होती: ताईंच्या डोक्यात असलेले प्रत्येक काम घरातल्या आणखी एका माणसाला, ताईंना न विचारता, करता आले पाहिजे.

आधी संकटे निवडली. ताईंच्या वहीत युद्धापासून भूकंपापर्यंत सारे काही होते, त्यातले बरेचसे मोबाइलवरच्या चित्रफितींमधून आलेले. या घरावर खरोखर येण्याजोगी संकटे चौघांनी मिळून ठरवली: पावसाळ्यातला पूर, एप्रिल-मेमधली विजेची आणि पाण्याची लांबलेली टंचाई, स्वयंपाकघरातली आग किंवा गॅसगळती, आणि रात्री-अपरात्री सासूबाईंची साखर बिघडणे. बाकीची संकटे खोडली नाहीत. परंतु या चारांसाठी केलेली तयारी बहुतेक इतर प्रसंगांनाही कामी येते, एवढे त्यांना पटले.

पुरासाठी खूण ठरली. नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांपैकी एका ठरावीक पायरीला पाणी लागले, किंवा प्रशासनाने इशारा दिला, की चर्चा न करता उंचावरच्या वस्तीत राहणाऱ्या नणंदेच्या घरी निघायचे. पाणी फार वेगाने चढते, म्हणून दोहोंपैकी जे आधी होईल ते धरायचे. वाहत्या पाण्यातून मात्र चालायचे नाही. वीतभर उंचीचे वेगवान पाणीही धडधाकट माणसाला पाडू शकते, आणि दोन फुटांच्या पाण्यात बहुतेक मोटारी वाहून जातात. पाणी घरात येण्याआधीच मेन स्विच बंद करणे आणि सिलिंडरचा रेग्युलेटर काढून ठेवणे ही कामे मुलीकडे आली, कारण तिला ती सर्वांत चटकन जमली. सासूबाईंची औषधे यजमानांनी पाहायची, आणि ते गावी नसतील तर शेजारच्या काकांनी. त्यासाठी यजमान स्वतः जाऊन शेजाऱ्यांशी बोलले. आधार, रेशनकार्ड, पासबुके, विम्याची कागदपत्रे आणि सातबारा एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर गेली, आणि त्यांच्या प्रती मोबाइलमध्ये ठेवल्या. 112 हा सर्वसाधारण मदतीचा, 108 रुग्णवाहिकेचा, 1077 जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा आणि 1906 गॅसगळतीचा क्रमांक, हे चारही भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिले गेले, कारण सासूबाईंना मोबाइलमध्ये क्रमांक शोधता येत नाही.

पाण्याचा हिशेब साधा केला. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी रोज पाच लिटर धरले तर चौघांचे तीन दिवसांचे साठ लिटर होतात. तेवढे झाकणाच्या कॅनमध्ये भरून वरच्या मजल्यावर ठेवायचे आणि आठवड्यातून एकदा वापरून, कॅन घासून पुन्हा भरायचे. बाकीचे पिंप धुण्याभांड्यांच्या पाण्यासाठी कापड बांधून राहिले, काही विकले गेले. पुरानंतर विहिरीचे वा नळाचे पाणी किमान एक मिनिट खळखळून उकळल्याशिवाय प्यायचे नाही, आणि पुराचे पाणी लागलेले धान्य कितीही जीव तुटला तरी टाकायचे. अन्नाच्या बाबतीत वेगळी खरेदी करू नका, असे मी सुचवले. शेंगदाणे, गूळ, फुटाणे, चुरमुरे, भाजलेल्या पिठाचे लाडू, चटणी हे घरात असतेच. त्यातले चार दिवसांचे एका डब्यात काढून तो डबा महिन्याकाठी खाऊन संपवायचा आणि पुन्हा भरायचा. चूल न पेटवता खाता येईल तेच त्यात ठेवायचे. सासूबाईंसाठी गुळाचा खडा आणि साखरेची पुडी वेगळी, कारण साखर अचानक उतरली तर ती लगेच लागते.

इन्सुलिनच्या प्रश्नाला मी थोडा अधिक वेळ दिला, कारण ताईंची सर्वांत खोल भीती तेथे अडकली होती. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवावे लागते. वापरात असलेल्या कुपीला साधारण चार आठवडे घरातले तापमान चालते, पण ते 25 ते 30 अंशांपर्यंतचे. आणि आपल्याकडे वैशाखात बाहेर पारा 45च्या घरात असतो तेव्हा घरातली हवाही त्या मर्यादेबाहेर जाते. वीज गेली तर कुपी घट्ट डबीत घालून, पाण्याने भिजवलेल्या मातीच्या मडक्यात, सावलीत आणि वाऱ्याला ठेवल्यास तापमान पुष्कळ उतरते. बर्फाला मात्र ती थेट टेकवायची नाही, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते. तुमच्या औषधाची नेमकी मर्यादा तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, असेही मी सांगितले आणि त्यांनी ते करून घेतले.

मग एका रविवारी सराव झाला. ताईंनी बाजेवर बसून फक्त पाहायचे, असे ठरले होते. यजमानांना कागदांची पिशवी सापडली नाही, मुलीने मेन स्विच बंद केला, सासूबाई हसत-हसत नणंदेकडे जायला रिक्षात बसल्या. ताईंना न उठता बसून राहणे फार जड गेले, असे त्यांनी नंतर सांगितले. दुसऱ्या सरावात पिशवी सापडली. रात्रीच्या फेऱ्या यानंतर टप्प्याटप्प्याने कमी केल्या: पावसाळी रात्री नदीकडे पाहण्याची पाळी यजमानांची आणि ताईंची आलटून-पालटून, तीही ठरलेल्या वेळी, आणि इशाऱ्यांसाठी ‘सचेत’ हे सरकारी ॲप दोघांच्या मोबाइलवर. आपली पाळी नसलेल्या रात्री ताई सुरुवातीला जाग्याच राहिल्या. पुढे झोपू लागल्या. जोरदार सरींच्या रात्री अजूनही झोप मोडते, आणि ती कधीच मोडू नये अशी माझीही अपेक्षा नाही.

ज्यांना संकटानंतर महिनाभराहून अधिक काळ तोच प्रसंग डोळ्यांसमोर येत राहतो, दचकून जाग येते, किंवा त्या जागी पाऊल टाकवत नाही, त्यांनी केवळ अशा वाटणीवर विसंबून राहू नये. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. दूर जाणे शक्य नसेल तर ‘टेली-मानस’च्या 14416 या क्रमांकावर मराठीतून बोलता येते. ताईंच्या बाबतीत त्या टप्प्याची गरज पडली नाही.

सध्या त्या घरात वाद आहे तो विजेचा. यजमानांना छतावर सौर पॅनेल बसवायचे आहेत, कारण केंद्राच्या योजनेत तीन किलोवॉटला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि वीज गेली तरी घर चालेल असा त्यांचा समज होता. वीजवाहिनीला जोडलेली साधी सौरयंत्रणा बाहेरची वीज गेली की सुरक्षिततेसाठी स्वतःही बंद पडते. बॅटरीची जोड असेल तरच अंधारात तिचा उपयोग होतो, हे त्यांना विक्रेत्याने सांगितले नव्हते. ताईंचे म्हणणे असे की फ्रिज आणि दोन पंख्यांपुरता इन्व्हर्टर घ्यावा आणि उरलेल्या पैशांत मुलीची फी भरावी. पुढच्या भेटीला दोघेही आपापला हिशेब लिहून आणणार आहेत.