आयफोनमध्ये फ्लॅक फाइल थेट वाजते का?

वाजते, पण तुम्ही जिथे शोधताय तिथे नाही. (फ्लॅक म्हणजे आवाजातला तपशील न गमावता, म्हणजेच 'लॉसलेस' पद्धतीने, गाणं साठवणारा फाइल फॉरमॅट.) म्हणूनच 'आयओएस (आयफोनची ऑपरेटिंग सिस्टीम) फ्लॅक चालवतं' असं वाचूनही म्युझिक अ‍ॅपमध्ये तुमची गाणी दिसत नाहीत.

2017 मध्ये आयओएस 11 आलं, तेव्हा फ्लॅकचा डीकोडर, म्हणजे फाइल उलगडून आवाज काढणारा भाग, सिस्टीममध्येच आला. त्यामुळे फाइल्स अ‍ॅपमध्ये ठेवलेल्या .फ्लॅक फाइलवर टिचकी मारली की ती वाजते. दुसऱ्या अ‍ॅप बनवणाऱ्यांनाही स्वतःचा डीकोडर सोबत न्यायची गरज उरली नाही. मात्र म्युझिक अ‍ॅपच्या लायब्ररीचं दार फ्लॅकला बंदच राहिलं. डीकोडर असणं वेगळं आणि लायब्ररीने फाइल घरात घेणं वेगळं. अँड्रॉइडने फ्लॅक वाजवायची सोय करण्याचं काम 2011 मध्येच, 3.1 आवृत्तीत उरकलं होतं. पण ती आवृत्ती टॅब्लेटपुरतीच होती, त्यामुळे फोनवाल्यांना 4.0 ची वाट पाहावी लागली.

अ‍ॅपलने हात आखडता का घेतला? माझ्या मते त्यांचा स्वतःचा अ‍ॅपल लॉसलेस फॉरमॅट आधीपासून होता, हेच कारण. (तोही 2011 पासून मुक्त स्रोत आहे, बरं का.)

तेव्हा सरळ उपाय: कंप्यूटरवर फ्लॅकचं अ‍ॅपल लॉसलेसमध्ये रूपांतर करा. दोन्ही लॉसलेस, त्यामुळे बिट डेप्थ आणि सॅम्पल रेट (आवाज किती बारकाईने नोंदवलाय त्याची मापं) तेच ठेवलेत तर आवाजात काहीच घट होत नाही. एमपी3 मात्र करू नका, गेलेला तपशील परत येत नाही. एवढा खटाटोप नको असेल तर फ्लॅक वाजवणारं व्हीएलसी हे अ‍ॅप टाका.