ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात 'कॅटास्ट्रॉफिक' दिवशी काउन्सिलच्या (स्थानिक पालिकेच्या) सेवा चालू राहतात का?

वणव्याच्या धोक्याच्या भागात बहुतेक बंदच. 'कॅटास्ट्रॉफिक' ही आगधोक्याच्या 4 श्रेणींतली सर्वांत वरची, म्हणजे आगधोक्याचा निर्देशांक 100 किंवा जास्त. अंदाज आदल्या दिवशी कळतो, त्यामुळे बालवाडी, वाचनालय बंदचा निरोप सहसा संध्याकाळपर्यंत येतो. खरी अडचण घरपोच सेवेची: एकट्या वृद्धांची यादी काढून भेट आधी उरकतात, नाहीतर फोनवर चौकशी करतात. कर्मचाऱ्याला जंगलातल्या एकेरी रस्त्यावर पाठवणं म्हणजे आणखी एक जीव अडकवणं. कचरागाडीची फेरी पुढे ढकलली जाऊ शकते. डबा बाहेर ठेवण्याआधी काउन्सिलची वेबसाइट बघा. रस्त्याकडेची गवतकापणीही थांबते, कारण पातं दगडावर आपटलं की ठिणगी उडते. एक मात्र ध्यानात ठेवा, 'टोटल फायर बॅन' (उघड्यावर आग पेटवण्यावरची बंदी) वेगळा; तेवढ्यानं बालवाडी बंद होतेच असं नाही.