पॉलिसी मोडू की घर तारण ठेवू?

बेळगावच्या उद्यमबागेत दोन लेथ चालवणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ५१. शेडचं भाडं, वीज आणि कामगारांचे पगार जाऊन महिन्याला साठेक हजार हातात राहतात. वडगावात स्वतःचं घर आहे, बँकेत ४ लाखांची एफडी आहे. मुलगी गेल्या वर्षी मेकॅनिकलची बीई झाली. आता तिला पुण्याच्या एका खासगी विद्यापीठात मॅनेजमेंट कोट्यातून एमबीएला घालायचं ठरलं आहे. फी, होस्टेल आणि मेस धरून दोन वर्षांचा खर्च १८ लाख. एका एजंटला ५० हजार देऊन सीट 'बुक' केली आहे. नंतर दहा लाखांचं पॅकेज मिळेल, असं त्यांना सांगितलं गेलं आहे. ते विचारतात, 'मुलीच्या शिक्षणासाठी तीन वर्षांपूर्वी बँकेतून १५ लाखांची पॉलिसी घेतली होती. ती मोडून फी भरू, की घर तारण ठेवून शैक्षणिक कर्ज काढू?' शेवटी दोन ओळी आहेत. 'पॉलिसीच्या गेल्या हप्त्याला पत्नीचं गंठण आणि पाटल्या ठेवून सव्वा लाख उचलले होते. मुलगी यंदा गेट (एमटेकची प्रवेश परीक्षा) क्वालिफाय झाली आहे, एमटेक म्हणते, पण सगळे सांगतात एमबीएलाच डिमांड आहे.' सोबत पॉलिसीच्या कागदांचे फोटो आहेत.

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवतो, कारण मोडून १५ लाख मिळतील अशी पॉलिसी तुमच्याकडे नाहीच. फोटो मोठा करून मी दोनदा वाचला. वर्षाला दीड लाख, असे १० वर्षं भरायचे, आणि १५ वर्षं पूर्ण झाल्यावर साधारण २४ लाख मिळणार. हा परतावा वर्षाला साडेचार टक्के पडतो. पैसे हातात येतील तेव्हा मुलगी चौतीस वर्षांची असेल. बँकेतल्या माणसाने 'शिक्षणाची एफडी' म्हणून हे तुमच्या गळ्यात मारलं, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि तिच्या पुढच्या शिक्षणाला तीन-चार वर्षं उरली होती. हे त्याला दिसत होतं. अशा वेळी पंधरा वर्षांची योजना विकणाऱ्याचा मला मनापासून राग येतो.

आता त्याच पानावरचा 'विमाधारक' हा रकाना पाहा. तिथे मुलीचं नाव आहे. तुमचं नाव फक्त हप्ता भरणारा म्हणून आहे. तुम्हाला काही झालं तर पुढचे हप्ते माफ करणारा रायडर असतो, त्याच्या पुढे 'लागू नाही' असं छापलं आहे. म्हणजे उद्या तुमचं बरंवाईट झालं तर या पॉलिसीतून घरात एक रुपया येणार नाही, उलट दीड लाखाचा हप्ता वहिनींकडे मागितला जाईल. घर चालतं तुमच्या दोन हातांवर. विमा काढला आहे कमावत नसलेल्या मुलीचा. आणि अशा स्थितीत तुम्ही राहतं घर बँकेकडे ठेवायला निघाला आहात. तुम्ही न विचारलेली गोष्ट ही आहे, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी.

म्हणून पहिलं काम तुमच्या नावाचा साधा टर्म विमा, म्हणजे मुदतीत तुमचं बरंवाईट झालं तरच घरच्यांना पैसे देणारा. ५० लाखांचा, वयाच्या ६५ पर्यंत. या वयात वर्षाला पंचवीस-तीस हजारांच्या आतबाहेर हप्ता बसेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेवढा भार कमी झाला आहे. तंबाखू किंवा गुटखा खात असाल, साखर-बीपी असेल, तर फॉर्ममध्ये खरं लिहा. हप्ता वाढला तरी चालेल, क्लेम नाकारला गेलेला चालणार नाही. घरातल्या सगळ्यांचा मिळून आरोग्यविमाही याच महिन्यात घ्या.

मग त्या पॉलिसीचं काय? तीन हप्ते मिळून साडेचार लाख गेले. आज मोडली तर हमीची रक्कम भरलेल्या पैशाच्या ३५ टक्के, म्हणजे जेमतेम दीड लाखाच्या वर. एजंट सांगेल, 'अजून एक हप्ता भरा, मग ५० टक्के मिळतात.' खरं आहे. सहा लाख भरून तीन लाख. पण दीड लाख आणखी घालून तुम्हाला मिळणारी रक्कम वाढते साधारण १ लाख ४३ हजारांनी. घातले तेवढेही परत येत नाहीत.

तरीही मोडू नका. चौथा हप्ता थांबवा आणि पॉलिसी पेड-अप करून घ्या, म्हणजे पुढे हप्ते न भरता ती कमी रकमेवर चालू राहते. मुदतीअखेर काय मिळेल तो आकडा शाखेकडून लेखी मागा. नुसत्या विमा रकमेच्या प्रमाणात धरला तरी १५ लाखांचे तीन-दशांश, म्हणजे साडेचार लाख होतात. आज हातात येणाऱ्या दीड लाखाचे १२ वर्षांत साडेचार लाख म्हणजे नऊ टक्क्यांच्या आसपास. एवढं तुम्हाला एफडीत मिळणार नाही. लेखी आकडा याहून बराच कमी आला, तर मला कळवा.

'एफडी' म्हणून पॉलिसी विकल्याचा व्हॉट्सअॅप मेसेज किंवा चिठ्ठी असेल तर विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर बेंगळुरूच्या विमा लोकपालाकडे जाता येतं, तिथे फी लागत नाही. तीन वर्षं गेल्यामुळे फार आशा दाखवत नाही.

आता १८ लाखांचं कर्ज. साडेदहा टक्क्यांनी धरलं तर दोन वर्षांचं शिक्षण आणि नंतरची एक वर्षाची सवलत संपेपर्यंत ते पावणेतेवीस लाखांच्या घरात जातं. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता ३० हजारांवर. 'दहा लाखांचं पॅकेज' कोण म्हणालं? एजंट. त्या विद्यापीठाला लेखी विचारा, की गेल्या वर्षी किती मुलं प्लेसमेंटला बसली, आणि रांगेतल्या मधल्या मुलाला किती पगार मिळाला. सगळ्यात वरच्याचा पगार जाहिरातीत असतोच. मुलीच्या हातात ३५ हजार आले तर पुण्यात राहून ती ३० हजारांचा हप्ता कशी भरेल? तो हप्ता तुमच्या लेथवर येईल, आणि त्या कर्जाला घर तारण असेल.

शिवाय 'आपण कर्नाटकवाले, महाराष्ट्रात मॅनेजमेंट कोट्याशिवाय मिळत नाही' हे एजंटने सांगितलेलं चूक आहे. ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे, त्या सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्राच्या सीईटी प्रवेशात राज्याचे उमेदवार म्हणून अर्ज करण्याची तरतूद आहे. त्यासाठी एक दाखला सीमाभागाचा, एक मातृभाषेचा. मुलगी पहिलीपासून इथेच शिकली, म्हणून कर्नाटकातही पीजीसीईटी देऊन सरकारी कोट्यातली सीट मागता येते. दोन्हीकडे घरची असलेल्या मुलीसाठी तुम्ही परक्याची फी भरायला निघाला आहात. बेळगावात वर्षानुवर्षं हेच चालू आहे, आणि दाखल्याच्या दोन कागदांची माहिती नसल्यामुळे लोक लाखो रुपये मोजतात.

यंदा तिने कुठलीच सीईटी दिलेली नाही. एमबीएच करायचं असेल तर एक वर्ष थांबू दे, तोवर उद्यमबागेत कुठे तरी नोकरी करू दे. पण आधी तिला समोर बसवून विचारा. गेट क्वालिफाय होणं तुम्ही एका ओळीत उरकलंत, मला ती सगळ्या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी वाटली. एआयसीटीई मान्यतेच्या संस्थेत गेटच्या गुणांवर पूर्णवेळ एमटेकला प्रवेश मिळाला तर महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं, दोन वर्षांत जवळपास तीन लाख. गेटचे गुण तीन वर्षं चालतात. एनआयटींसाठी सीसीएमटी या एकत्रित प्रवेश प्रक्रियेत नोंदणी करावी लागते, तिला आजच वेबसाइट पाहायला सांगा. तिथे कर्ज लागलंच तर साडेसात लाखांच्या आतलं लागेल, आणि तेवढ्याला घर तारण द्यावं लागू नये. सरकारची पीएम-विद्यालक्ष्मी योजनाही यादीतल्या संस्थांत गुणवत्तेवर मिळालेल्या प्रवेशासाठीच आहे.

एजंटला दिलेल्या ५० हजारांची पावती कोणाच्या नावाची आहे ते तपासा. विद्यापीठाची असेल तर प्रवेश रद्द करून परतावा मागा, त्यासाठी यूजीसीचे नियम आहेत. एजंटच्या वहीतली चिठ्ठी असेल तर उद्याच जाऊन पैसे मागा, आणि एकटे जाऊ नका.

गंठणाचं मात्र सोमवारीच उरका. एफडीवर तुम्हाला सात टक्के मिळतात आणि दागिन्यांवर तुम्ही अकरा टक्के भरता. एफडीतले सव्वा लाख काढा, व्याजाचा हिशेब करून घ्या आणि वहिनींना सोबत घेऊन दागिने सोडवून आणा.