गरुडापाशी भेटू

प्रश्न : अमेरिकी शहरांच्या मध्यवस्तीत पूर्वी एकेका कुटुंबाच्या मालकीची भव्य डिपार्टमेंट स्टोअर्स असत. ती कशी वाढली आणि कुटुंबांच्या हातून का गेली?

उत्तर : फिलाडेल्फियातील वॉनमेकर घराण्याचे दुकान हे याचे बोलके उदाहरण आहे. जॉन वॉनमेकर यांनी १८७६ मध्ये रेल्वेच्या जुन्या मालधक्क्याच्या इमारतीत ‘ग्रँड डेपो’ थाटले. घासाघीस सर्रास चालत असे त्या काळात वस्तूवर ठरावीक किंमत लावायची आणि माल न आवडल्यास पैसे परत करायचे, या धोरणाचा त्यांनी धडाक्याने पुरस्कार केला.

पुढे त्याच जागी डॅनियल बर्नहॅम यांच्या आराखड्यानुसार बांधलेल्या इमारतीचे १९११ मध्ये राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या हस्ते उद्घाटन झाले. तिच्या उंच दालनात, १९०४ च्या सेंट लुईस येथील जागतिक प्रदर्शनातून आणलेला ब्राँझचा प्रचंड गरुड बसवलेला आहे; ‘गरुडापाशी भेटू’ असे सांगितले की शहरात कोणालाही पत्ता विचारावा लागत नसे. त्याच प्रदर्शनातील ऑर्गन (हवेने नळ्यांतून वाजणारे अवाढव्य वाद्य) तर १३ मालडब्यांतून आला आणि तरीही दालनाला अपुरा वाटला, म्हणून दुकानाने तो वाढवण्यासाठी स्वतःचा कारखानाच काढला. कापड विकणाऱ्याची ही हौस मला तरी निव्वळ जाहिरात वाटत नाही.

जॉन १९२२ मध्ये आणि त्यांचे पुत्र रॉडमन १९२८ मध्ये वारले, त्यानंतर कारभार विश्वस्तांकडे गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर गिऱ्हाईक मोटारीसह उपनगरांकडे सरकले, तेथील मॉलमध्ये पार्किंग मिळू लागले आणि मध्यवस्तीतील धंदा आटला. अखेर १९७८ मध्ये दुकान कार्टर हॉली हेल या कंपनीला विकण्यात आले. १९९५ मध्ये वॉनमेकर हे नावही पाटीवरून उतरले.