वारशाने आलेली नाणी: वजनावर विकावीत की जपून ठेवावीत?

आपल्या पत्रानुसार वडिलांच्या पश्चात २० सॉव्हरिन (ब्रिटिश सोन्याची नाणी) आणि १७८० साल कोरलेली ६ मारिया थेरेसा थेलर ही (ऑस्ट्रियाच्या राणीच्या नावाची) चांदीची नाणी आपल्याकडे आली आहेत. सराफ ती सगळी वजनावर घ्यायला तयार आहे, नातलग ‘जुनी आहेत, थांबा’ म्हणतात, आणि इकडे कर्जाचे व्याज चढते आहे.

थेलरचा निर्णय सोपा आहे. या नाण्याला व्यापारात इतकी मागणी होती की मारिया थेरेसाच्या निधनानंतरही, अगदी विसाव्या शतकापर्यंत, वेगवेगळ्या टांकसाळींनी तेच साल कायम ठेवून ते कोट्यवधींच्या संख्येने पाडले. त्यामुळे १७८० या आकड्यावरून वय ठरत नाही, आणि बहुतेक थेलरना चांदीचाच भाव येतो: २८.०७ ग्रॅम वजन, कस ८३३ (हजार भागांत ८३३ भाग चांदी), म्हणजे नाण्यामागे सुमारे २३.४ ग्रॅम शुद्ध चांदी.

सॉव्हरिन २२ कॅरटचा असून त्यात ७.३२ ग्रॅम शुद्ध सोने असते. वीस नाण्यांचे सुमारे १४६ ग्रॅम होतात. सराफाचा आकडा याच्याशी ताडून पाहा आणि घट धरली असेल तर ती लेखी मागा.

आपल्या यादीतली १९१७ ची तीन नाणी मात्र तूर्त बाजूला काढा. भिंगातून नाण्यावर कोरलेल्या घोड्याच्या पायाखालची जमीन, सालाच्या किंचित वर, पाहा. तिथे बारीक अक्षर असेल तर नाणे पर्थ, सिडनी अशा लंडनबाहेरच्या टांकसाळीचे आहे आणि त्याची किंमत सहसा सोन्याच्या आसपासच राहते. अक्षर नसेल तर ते लंडनचे, म्हणजे दुर्मीळ. पण नेमक्या याच नाण्याच्या नकलाही पुष्कळ आहेत, तेव्हा तज्ज्ञाकडून तपासून घेतल्याशिवाय हुरळून जाऊ नये. नाणी चकचकीत करून न्यावीत का, असे आपण विचारले आहे. कृपया नको. वजनावर घेणारा झळाळीचे पैसे देत नाही आणि संग्राहक घासलेल्या नाण्याची किंमत पाडतो.

उरलेले १७ सॉव्हरिन, त्यांच्यात दुसरे दुर्मीळ साल नसल्याची खात्री करून, आणि सहाही थेलर विकून कर्जात भरावेत, असे माझे मत आहे. डोक्यावर कर्ज ठेवून सोने सांभाळणे हे कर्ज काढून सोने घेण्यासारखेच आहे, आणि ते आपण आज केले नसते. संग्रहमूल्य हाती यायला लिलाव, कमिशन आणि कित्येक महिने लागतात, म्हणून हप्त्याच्या हिशेबात ते धरू नका. तपासणीची फी ज्या नाण्यावर अक्षर दिसत नाही, तेवढ्यापुरतीच भरा.